फॉर्म येतोय

टॅक्स रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरने सकाळी सांगितलं की माझं सगळं झालंय, फक्त न्यूयॉर्कचा फॉर्म अजून तयार नाही. गेल्या शनिवारीही हेच सांगितलं होतं. तेव्हा फॉर्म यायची तारीख होती 12 फेब्रुवारी. आज 14 उजाडली आणि तारीख झाली 26.

आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. नोकरी मॅनहॅटनला. म्हणजे आधी न्यूयॉर्कला आयटी-203 हा परप्रांतीयांचा फॉर्म भरायचा, आणि तिथे किती कर गेला तो आकडा घेऊन न्यू जर्सीकडे ‘तेवढी सूट द्या’ म्हणत जायचं. न्यूयॉर्क अडलं की न्यू जर्सी अडलं. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं रिटर्न आधी पाठवता येतं, हे मला माहीत आहे. सांगू नका. मला तिन्ही एकदम हातावेगळी करायची आहेत.

(मी घरून काम केलं त्या दिवसांचाही कर न्यूयॉर्कच घेतं. कुकरच्या शिट्ट्या मोजत एडिसनच्या ओट्याशी काम केलं, तरी कर मॅनहॅटनला. का, तर तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरी बसलात. सोय म्हणे!)

डॅलसचा मेहुणा दर फेब्रुवारीत न चुकता कळवतो की टेक्सासात राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. तिथल्या घरपट्टीबद्दल तो कधी काही कळवत नाही.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चूक तिथेच झाली, कारण सोफ्यावर बाबा होते. बाबांनी साताऱ्याच्या ट्रेझरीत खिडकीमागे 34 वर्षं काढली आहेत.

पलीकडचा माणूस म्हणाला, फॉर्मला राज्याच्या कर खात्याची मंजुरी यायची आहे.

“वर ढकललं,” बाबा पुटपुटले आणि सरसावून बसले.

मी विचारलं, मग 26 तरी नक्की ना? तो म्हणाला, ती अंदाजे तारीख आहे.

“अंदाजे!” बाबांनी मांडीवर थाप मारली. “तारीख दिली, पण अडकला नाही. कच्चा माणूस ‘उद्या या’ म्हणतो. उद्या लोक येतात रे!”

“बाबा, माझे पैसे अडकलेत.”

“तू थांब. ऐकू दे.”

मी साहेबांशी बोलायचंय म्हटलं. अकरा मिनिटं पेटी बडवल्यासारखं संगीत वाजलं. बाबांनी त्यावर ठेका धरला. “चहाला गेलाय. जाऊ दे, माणूस आहे.” मग तोच माणूस परत आला. म्हणाला, साहेबांनाही स्क्रीनवर हेच दिसतंय.

बाबा उभे राहिले. गुडघ्यांमुळे ते हल्ली जेवायलासुद्धा दोन हाकांशिवाय उठत नाहीत. “साहेबांनाही हेच दिसतंय! 34 वर्षांत मला हे सुचलं नाही.”

मला एकदम ट्रेझरीच्या व्हरांड्यातला बाक आठवला. शाळेतून येताना मी बाबांचा डबा द्यायला जायचो, तेव्हा पेन्शनीच्या कागदासाठी आलेल्या त्याच म्हाताऱ्या सोमवारीही दिसायच्या आणि गुरुवारीही. मला वाटायचं त्या तिथेच कामाला आहेत.

आणि माझा 15 एप्रिल चुकला तर? मला दंड, वर व्याज. त्यांची 12 ची 26 होते तेव्हा साधं ‘सॉरी’ही नाही. माझी तारीखही अंदाजे ठेवा की.

हे मी त्या माणसाला ऐकवणारच होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, आणखी काही मदत करू का? बाबा फोनवर वाकले आणि खास ट्रेझरीच्या इंग्रजीत म्हणाले, “व्हेरी गुड वर्क. हाऊ मेनी इयर्स सर्व्हिस?”

तो पहिल्यांदाच गडबडला. मग म्हणाला, सर, तीन आठवडे.

“तीन आठवडे!” बाबा माझ्याकडे वळले. “आणि तू अकरा वर्षं त्याच पोस्टवर.”

फोन ठेवल्यावर, सेवा कशी वाटली ते विचारणारा मेसेज आला. मी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. बाबांनी चष्मा लावला, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि पाचवा तारा उमटेपर्यंत दाबत राहिले.