खंडव्याला उतरायचं की इंदूरला?

सचिन नवी कोरी पाठपिशवी पाठीवर टाकूनच अमृततुल्यच्या कट्ट्यावर आला. नर्मदा परिक्रमा, पायी, कार्तिकी एकादशीनंतर. संकल्प ओंकारेश्वरला सोडायचा हे ठरलेलं. ठरलं नव्हतं ते एवढंच, की पुण्याहून ओंकारेश्वरपर्यंत जायचं कसं.

"त्यात काय ठरवायचं?" रवी म्हणाला. तिकिटांचा धंदा त्याचा. "पुणे-इंदूर थेट विमान आहे. सव्वा तास. रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस कुणाला?"

मोघेकाका रेल्वेतून निवृत्त झाले आहेत, पण रेल्वे काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. "सव्वा तास हवेतला झाला. जमिनीवरचा मोज की. कोथरूडहून लोहगाव, संध्याकाळच्या गर्दीत एक तास सहज. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद, म्हणजे तू पोचणार दोन तास आधी. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला आणि खंडवा रोड निघतो दक्षिणेकडून, म्हणजे आधी गाव पार करा. मग सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल. ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तुझा सव्वा तास तिथेच गेला. दारापासून घाटापर्यंत आठ तास धर."

"आणि झेलम एक्स्प्रेसने?" सचिनने विचारलं.

"झेलम पुण्याहून संध्याकाळी. दौंड, मनमाड, भुसावळ करत रात्रीच खंडवा. तिथून सनावदमार्गे ओंकारेश्वर सत्तरेक किलोमीटर, दोन तास. मुंबईवाल्यांना पंजाब मेल आहे, तीही तशीच रात्रीची. तास जास्त लागतात, पण रात्र जाते, दिवस जात नाही."

"रात्री-अपरात्री खंडव्याला उतरून करायचं काय?"

"उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्ये बसायचं आणि पहिली बस पकडायची. अंधारात एकट्याने जीप ठरवू नये, सांगतील तो भाव द्यावा लागतो. बरोबर चार जण असतील तर ठरवा, बसच्या भाड्याहून फार पडत नाही. खरी भीती वेगळीच आहे, झोप लागून गाडी खंडव्याच्या पुढे जाण्याची. पुढचा मोठा थांबा थेट इटारसी. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर डेस्टिनेशन अलर्ट, म्हणजे स्टेशन यायच्या आधी उठवणारा फोन, लावता येतो. पण घड्याळाचा गजर वेळापत्रकावरून लावू नका, गाडी प्रत्यक्ष भुसावळला किती वाजता पोचली त्यावरून लावा. भुसावळ ते खंडवा सव्वाशे किलोमीटर, मध्ये बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूर गेलं की चप्पल पायात."

रवीने ॲपवर 'ओंकारेश्वर रोड' टाकून बघितलं. काकांनी फोनवर हात ठेवला. "ते स्टेशन मोरटक्क्याला आहे, पण मीटरगेजचं. महूकडून येणारी छोटी गाडी २०२३ च्या फेब्रुवारीत बंद झाली, रुंदीकरणासाठी. मुंबई-पुण्याहून थेट तिथे जाता येत नाही. नाव दिसलं म्हणून लोक फसतात."

तेवढ्यात सुनंदाताई आल्या. परिक्रमेला निघणाऱ्यांची तयारी करून द्यायचं काम त्या बरीच वर्षं करतात, त्यामुळे कट्ट्यावर त्यांचा शब्द जरा जड.

"तुमचे विमानाचे आठ तास आणि रेल्वेची रात्र दोन्ही बाजूला ठेवा," त्या म्हणाल्या. "संकल्प सकाळी असतो. पोचायचं एक दिवस आधीच. का, ते सांगते. ओंकारेश्वराचं मंदिर मांधाता बेटावर आणि ममलेश्वर दक्षिण तटावर. एकदा संकल्प सोडला की नर्मदा मैया ओलांडायची नाही, म्हणजे बेटावरसुद्धा जायचं नाही. ओंकारेश्वराचं दर्शन आदल्या दिवशीच उरकायचं. मुंडण करायचं असेल तर तेही. दंड, म्हणजे चालायची काठी, घ्यायचा, कमंडलू घ्यायचा, परिक्रमावासी असल्याचा कागद करून घ्यायचा, त्याला आधारची प्रत आणि फोटो लागतात. एवढ्याला अख्खा दिवस जातो. मग तू दुपारी दोनला पोचलास की सकाळी नऊला, हा प्रश्न आहे. सव्वा तास की रात्रभर, हा नाही."

"म्हणजे रेल्वे," काका.

"सकाळचं पहिलं विमान असेल तर विमानही चालेल. दुपारचं नको."

रवी याला तयारच होता. "पहिलंच घ्यावं. ते विमान रात्री इथेच मुक्कामाला असेल तर वेळेवर सुटतं. दिवसभर चार गावं फिरून आलेलं विमान उत्तरेतल्या धुक्यात कुठे अडकलं की त्याचा उशीर इथे येतो. डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच."

"रेल्वेचंही तेच," काकांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. "लोकांना वाटतं, आपण दक्षिणेकडून निघतोय, आपल्याला कसलं धुकं? पण डबे तेच असतात. उत्तरेकडून येणारी गाडी आठ तास लेट आली की इथून सुटणारीही मागे ढकलली जाते. म्हणून हिवाळ्यात निघायच्या आदल्या दिवशी आपल्या गाडीचं नाही, उलट बाजूने येणाऱ्या जोडगाडीचं रनिंग स्टेटस बघायचं."

मग तिकीट मिळण्याचा मुद्दा निघाला, आणि इथे काकांची बाजू लंगडी पडली. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून हा नियम आहे, त्याआधी १२० दिवस होते. सचिनला कार्तिकीच्या आसपास निघायचं. रवीने बोटांवर हिशोब मांडला. "लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी छठ, आणि त्याच आठवड्यात थोडी पुढे कार्तिकी एकादशी. खंडव्याची लाइन म्हणजे मुंबई-पुण्याहून उत्तर प्रदेश-बिहारला जाणारी लाइन. तुला एका रात्रीपुरतं खंडव्याला जायचंय, आणि त्याच डब्यात अख्खं पूर्वांचल घरी निघालेलं. तुझं वेटिंग कशाला हलतंय? त्यात मधल्या स्टेशनाची तिकिटं पुष्कळदा पूल्ड कोट्यात, म्हणजे मधल्या स्टेशनांना मिळून ठेवलेल्या कोट्यात जातात. त्याचं वेटिंग जनरल कोट्यापेक्षा सावकाश सुटतं."

"म्हणून इटारसी किंवा भोपाळपर्यंतचं बघायचं," काका म्हणाले. "थोडे पैसे जास्त, पण कन्फर्म मिळत असेल तर घ्यावं. अलीकडे उतरायला कुणी अडवत नाही. उरलेल्या अंतराचे पैसे मात्र परत मिळत नाहीत. आणि वेटिंग तिकिटावर आरक्षित डब्यात घुसायचं नाही, आता खाली उतरवतात."

"नाहीतर इंदूरची रेल्वे," रवी म्हणाला. "दौंड-इंदूर पुण्यावरून जाते, मुंबईहून अवंतिका आहे. दोन्ही सुरत, बडोदा, रतलाम, उज्जैन करत जातात. वळसा मोठा, पण इंदूरलाच संपणाऱ्या गाड्या, त्यांना छठची झुंबड तेवढी नाही. उज्जैनला उतरून महाकालाचं दर्शनही होतं."

ताईंचा मार्ग त्याहून सोपा. "एकादशीलाच निघायला हवं असं कुठे आहे? देवउठनी, म्हणजे हीच एकादशी, झाली की चातुर्मास संपला, रस्ता मोकळा. पौर्णिमेला ओंकारेश्वरला पाय ठेवायला जागा नसते, गाड्या लांबच अडवतात. पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी निघा. तिकीटही मिळेल, धर्मशाळेत जागाही मिळेल. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं तिथे भक्तनिवास आहे, आपल्या लोकांना ते सोयीचं पडतं." त्या रवीकडे वळल्या. "आणि विमानाचं तिकीट तू ऑगस्टमध्ये काढून देतोस, त्याचं काय होतं ते सांग की."

रवीने जरा कानकोंडं होऊन सांगितलं. विमानांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून लागू होतं. त्याच्या बरंच आधी काढलेल्या नोव्हेंबरच्या तिकिटाची वेळ बदलू शकते, कधी सकाळचं संध्याकाळी जातं, कधी ते उड्डाणच गळतं. निरोप एसएमएसने येतो, म्हणून तिकिटावर एजंटाचा नाही, स्वतःचा नंबर टाकायचा.

आता सामान. स्वस्त विमानात साधारणपणे हातातली एक पिशवी ७ किलोची, खाली टाकायची १५ किलोची. रेल्वेत स्लीपरला आणि थर्ड एसीला माणशी ४० किलो. "इथे तरी रेल्वे जिंकली," काका म्हणाले.

"इथेच हरली," ताई म्हणाल्या. "४० किलो नेता येतात म्हणून माणूस नेतो. आणि मग पहिल्या आठवड्यात कुठल्या तरी आश्रमात निम्मं सामान सोडतो. सात किलोच्या काट्यात बसेल तेच पाठीवर घ्यावं. दोन जोड पांढरे सुती कपडे, एक हलकी स्लीपिंग बॅग किंवा कांबळं, आसन, एक ताट, पाण्याची बाटली, विजेरी, औषधं, कागद. विमानाने जा नाहीतर रेल्वेने, पिशवी विमानाच्या मापाची भरा."

रवीने पुढची यादी घडाघडा म्हटली. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच, खाली टाकलेल्या सामानात चालत नाही. चाकू, कात्री, वस्तरा उलट, खालच्या सामानात. काडेपेटी, लायटर, कापूर दोन्हीकडे नाही. सुकं खोबरंही नाही, तेलामुळे पेट घेतं म्हणून. पूजेच्या पिशवीत खोबऱ्याची वाटी असते आणि तिथेच पिशवी उघडायला लावतात. निरांजनासाठी नेलेली तुपाची बाटलीही हातातून काढून घेऊ शकतात. "हे सगळं ओंकारेश्वरच्या घाटावर दहा पावलांवर मिळतं. इथून नेऊच नये."

"रेल्वेत कोण बघतंय?" सचिन म्हणाला. काका भडकलेच. "बघत नाहीत म्हणून चालतं असं नाही! स्टोव्ह, गॅस, रॉकेल, फटाके, सगळं बंद आहे. रेल्वे कायद्याचं कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ माणसं गेली. चहाची तलफ एवढी नसते रे."

दंडाचं काय? बांबूचा, डोक्यापर्यंतचा दंड विमानाच्या केबिनमध्ये घेत नाहीत. ट्रेकिंगच्या घडीच्या काठ्या खालच्या सामानात जातात. जाताना प्रश्नच नाही, तिथेच घ्यायचा. प्रश्न येतो परतताना.

त्याआधी कट्ट्यावर एक वेगळाच फाटा फुटला. सचिनने विचारलं, इंदूर नर्मदेच्या उत्तरेला. म्हणजे विमान मैयावरून उडत जाणार आणि मी मोरटक्क्याच्या पुलावरून परत अलीकडे येणार. हे ओलांडणं झालं की नाही?

"संकल्पाआधी कितीही वेळा ओलांड," ताई म्हणाल्या. "खंडवा दक्षिणेला आहे म्हणून काही जणांना तिकडून गेलं की बरं वाटतं. ते मनाचं समाधान, नियम नाही. ज्यांना एका दमात जमत नाही आणि जे खंड परिक्रमा करतात, त्यांनी मात्र नकाशा नीट बघावा. मैया उजव्या हाताला ठेवून आपण आधी दक्षिण तटाने पश्चिमेला जातो, समुद्रापर्यंत. या टप्प्यात घरी यावं लागलं तर अंकलेश्वरहून रेल्वे पकडायची. ते नदीच्या अलीकडे आहे, महाराष्ट्रही अलीकडे, ओलांडणं होत नाही. भरूच पलीकडे. एकदा विमलेश्वरहून नावेने मिठीतलाईला उतरलात की उत्तर तट. तिथून अमरकंटकपर्यंत घरी यायचा प्रत्येक रस्ता मैया ओलांडूनच येतो, मग तो इंदूरचा असो की जबलपूरचा. अमरकंटकला वळसा घालून दक्षिण तटाला लागलात की पुन्हा सोपं, नर्मदापुरम आणि इटारसी दक्षिणेलाच. तेव्हा खंड पाडायचाच असेल तर दक्षिण तटावर पाडा."

"विमानाने ओलांडलं तर?" रवीने खोडी काढली.

"ते तू मैयाला विचार."

परतीच्या तिकिटावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, जे या कट्ट्यावर क्वचित होतं. परतीचं तिकीट काढायचंच नाही. पायी सुमारे २६०० किलोमीटर, कुणाला चार महिने लागतात, कुणाला सहा. पाय कुठे सुजेल आणि एखाद्या आश्रमात किती दिवस राहावंसं वाटेल, काही सांगता येत नाही. स्वस्त विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट एकत्र काढून देणारा एजंट यात्रेकरूचं भलं करत नाही, हे रवीनेच सांगितलं. ओंकारेश्वर आठ-दहा दिवसांवर आलं की मग तिकीट बघायचं. तत्काळही चालतं, एसीचं सकाळी दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, प्रवासाच्या आदल्या दिवशी. पण ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं लागतं. ते घरून निघायच्या आधी करून ठेवायचं, ओंकारेश्वरच्या घाटावर ओटीपीची वाट बघत बसायचं नाही.

"आणि येताना विमान नको," ताईंनी पुस्ती जोडली. "ओंकारेश्वराला जल चढवलं, कन्यापूजन झालं, कढई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य झाला की हातात काय काय असतं बघा. मैयाच्या जलाचा कॅन, दंड, बकावाँ गावाहून घेतलेला नर्मदेश्वर, म्हणजे नर्मदेतल्या दगडाचं शिवलिंग. जलाचा कॅन हातात नेऊ देतीलच असं नाही. खाली टाकलं तर झाकण सैल होऊन कपडे भिजतात. दगड तर काट्यावर लगेच बोलतो."

"न्यायचंच असेल तर?" सचिन.

"बाटली काठोकाठ भरू नको. झाकणावर चिकटपट्टी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मधोमध कपड्यांत," रवी म्हणाला. "दंडासाठी आधी विमान कंपनीला विचार, लांब वस्तू म्हणून वेगळे पैसे लावतात. दंडापेक्षा दंडाचं भाडं जास्त होतं."

काकांनी या संधीचा फायदा घेतलाच. "खंडव्याहून रात्रीची गाडी. दंड बर्थखाली, जल उशाशी. निघायच्या आधी वेळ उरला तर दादाजी धुनीवाल्यांच्या समाधीचं दर्शन, खंडव्यातच आहे."

शेजारच्या भाजीवाल्याचा काटा मोकळा होता. सचिनची पिशवी त्यावर ठेवली. नऊ किलो चारशे.

"रेल्वेत चालेल," काका म्हणाले.

ताईंनी चेन उघडली. जीन्स, दोन जाड टॉवेल, एक लिटरचा स्टीलचा थर्मास आणि कापराचा डबा बाहेर काढून कट्ट्यावर ठेवला. सहा किलो आठशे.