98 अंशांवरचा हिमप्रदेश

गेमिंग लॅपटॉप घेतल्यापासून मी गेम फारसा खेळत नाही. मी आकडा बघतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवण्याची एक सोय असते. ती एकदा चालू केली की बाकी सगळं तिच्यापुढे फिकं. समोर ड्रॅगन येवो नाहीतर रणगाडा, माझी नजर कोपऱ्यात. 91. 94. 96. त्यापेक्षा शत्रू परवडला, तो गोळ्या भरायला तरी मधूनमधून थांबतो.

त्यातही माझ्या गेममधला सगळ्यात जास्त तापणारा भाग कुठला, तर बर्फाळ डोंगरातला. उडणारा प्रत्येक हिमकण, त्यावर पडलेला प्रकाश, नायकाच्या तोंडातून निघणारी वाफ, हे सगळं ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला कितीतरी वेळा नव्याने रंगवावं लागतं. तिकडे तो बिचारा थंडीने काकडतोय आणि इकडे माझा उजवा हात शेकून निघतोय. कारण गरम हवा बाहेर फेकणारी एक जाळी नेमकी माऊसच्या बाजूला दिलेली आहे. ज्याने कोणी ती जागा ठरवली तो डावखुरा असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

98 ला नायकाचे पाय जड होतात. हा अभिनय नव्हे. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि ती जवळ आली की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. यंत्र जळू नये म्हणून केलेली ही सोय आहे, तिच्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणाचं होईल. पण ती लागू होते ती उडी मारतानाच. एका चित्रात नायक कड्यावर, पुढच्या चित्रात दरीत. मधला प्रवास ज्याचा त्याने कल्पावा.

आणि हे व्हायचंच. चार्जर 230 वॉटचा आहे, उचलताना खांद्याला जाणवतो. त्यातून आत गेलेली वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. ड्रॅगन मारण्यात त्यातलं काही म्हणता काही खर्ची पडत नाही.

या विषयातला आमच्या घरचा अधिकारी माणूस म्हणजे माझा भाचा. "मामा, तू गादीवर ठेवून खेळतोस, खालची हवा कोंडते," हे निदान त्याने लॅपटॉप न बघताच केलं. मी टेबलावरच ठेवतो म्हटल्यावर त्याने कूलिंग पॅड घ्यायला लावला. त्याला खालून पंखे आणि कडेने निळे दिवे. आकडा जेमतेम तीन-चार अंश उतरला, आवाज मात्र भरपूर वाढला. मग भाच्याने पॅड बाजूला केला, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन खोडरबर सरकवले, आणि आकडा तेवढाच उतरला! पॅड अजून आहे. दिवे छान आहेत.

शेवटी तळ उघडायचं ठरलं. स्क्रू सगळे सारखे दिसतात आणि एकही दुसऱ्याच्या भोकात नीट बसत नाही, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून ज्याचा स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. मग प्लास्टिकचं जुनं कार्ड फटीत घालून कडेकडेने फिरवायचं. आतले खटके सुटताना असा कडकड आवाज येतो की दर वेळी भाचा माझ्याकडे आणि मी वॉरंटीच्या कागदाकडे बघतो.

आत पंखे स्वच्छ दिसले. लबाडी पुढे होती. पंखा जिथून हवा ढकलतो आणि तांब्याच्या बारीक पट्ट्या जिथे सुरू होतात, त्या दोहोंच्या मधे धुळीची सबंध गोधडी विणली गेली होती. चिमट्याने धरली तर अखंड निघाली. तिच्यात एक लांब केसही होता. घरात इतका लांब केस कुणाचा, यावर घरच्यांच्या देखत चर्चा नको म्हणून ती ताबडतोब कचऱ्यात गेली. राहिलेली धूळ दाबून भरलेल्या हवेच्या डब्याने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची असतात, नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होऊ शकतं.

चपट्या तांब्याच्या नळ्यांबद्दलही तेव्हाच कळलं. त्यांच्यात चक्क थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरपाशी त्याची वाफ होते, पंख्यापाशी जाऊन ती निवते आणि पुन्हा पाणी होऊन मागे फिरते. लॅपटॉपजवळ पाण्याचा पेला ठेवला म्हणून मी इतकी वर्षं घरच्यांना ओरडतोय, आणि कारखान्याने ते आधीच आत भरून दिलंय.

थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता वरच्या तांब्यापर्यंत पोचवणारा मधला लेप, वाळून खडखडीत झाली होती. नवी कशी लावावी याबद्दल जगात पंथ आहेत. एक मधोमध ठिपका ठेवणाऱ्यांचा, एक फुली काढणाऱ्यांचा, एक सपाट पसरवणाऱ्यांचा. आमच्यातही फूट पडली. प्रोसेसरवर ठिपका पडला, ग्राफिक्सच्या चिपवर फुली.

तरी खरा उतार पडला तो पेस्टनंतर, फुकटच्या उपायाने. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट 100 टक्क्यांवर होतं, ते 99 केलं. एका टक्क्याने काय होणार, असं वाटतं. पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे प्रोसेसर गरजेला घेतो तो जादा वेगच, बंद होतो. शिवाय गेममध्ये फ्रेमरेटला, म्हणजे दर सेकंदाला रंगवायच्या चित्रांना, 60 ची मर्यादा घातली. आकडा सत्तरीत आला. पंखे माणसात आले.

भाचा खूश होऊन शेजारी बसला. "आता खेळ!" मी त्याच बर्फाच्या डोंगरात गेलो. वादळ होतं, समोरून लांडगे येत होते. 76. 77. 78. पुन्हा 77.

"मामा, लांडगे!"

लांडग्यांनी काम उरकलं. स्क्रीन लाल झाली.

"मेलास," भाचा म्हणाला.

"मेलो ना," मी म्हणालो, "पण 78 च्या वर नाही गेलो."