भाकरीच्या नावावर खपवलेले दावे

'पोळी सोडा, भाकरी धरा, मधुमेह पळेल' अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवरील घरोघरच्या गटांतून फिरत आहे. आजोबा ज्वारी-बाजरी खात म्हणून त्यांना मधुमेह नव्हता, भाकरीने साखर वाढत नसल्यामुळे ती पोटभर खावी, गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन सर्वांना विषासारखे आहे, गोड हवेच असेल तर गूळ चालतो आणि तीन महिन्यांनी गोळ्या बंद करता येतात, असे त्यातील दावे आहेत. मी स्वतः रात्री भाकरीच खातो, त्यामुळे माझे भांडण भाकरीशी नाही.

आजोबांचा दाखला सर्वांत पटणारा आहे आणि सर्वांत कच्चाही. 1941 ते 1951 या दशकात भारतातील सरासरी आयुर्मान सुमारे 32 वर्षे होते. तो आकडा मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आला होता हे मान्य केले, तरी उतारवयात बळावणारा आजार होण्याइतके आयुष्य आणि तो ओळखणारी रक्ततपासणी या दोन्ही गोष्टी खेड्यात कितीजणांच्या वाट्याला येत होत्या, हे विचारावेच लागते. शिवाय नांगरामागे आणि मोटेवर दिवस काढणाऱ्या शरीराचा हिशेब खुर्चीत नऊ तास बसणाऱ्या नातवाला लागू होत नाही. संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, अशी एक गोष्ट याहून बोलकी आहे. दख्खनच्या पठारावर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार आढळत असे, ज्यात उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, जुलाब लागतात आणि पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. हैदराबाद येथे संशोधन करणाऱ्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. म्हणजे 'पूर्वजांचे ताट' म्हणून ज्याचे आज कौतुक होते, त्या ताटात भाकरीबरोबर डाळ, दूध किंवा मासळी आहे की नुसती मिरची, यावर बरेच काही ठरत होते. कोकण-गोव्यातील आजोबा तर भात आणि मासळीवर वाढले. संदेश लिहिणाऱ्याला ते आठवलेले दिसत नाहीत.

भाकरीने साखर वाढत नाही हे विधान सरळ चुकीचे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या अन्नघटक कोष्टकांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदके आणि 10 ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच गव्हाच्या कणकेत सुमारे 64 आणि 11 ग्रॅम. बाजरीत लोह आणि नाचणीत कॅल्शियम गव्हापेक्षा जास्त असते, हा त्यांचा खरा गुण आहे. पण एका जाड भाकरीला दोन-तीन फुलक्यांचे पीठ सहज लागते, आणि 'पोटभर' म्हणून अशा तीन भाकऱ्या खाल्ल्या तर धान्य बदलल्याचा लाभ तिथेच संपतो.

ग्लुटेनचा त्रास सीलिअॅक रोग (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असलेल्यांना होतो आणि त्यांना गहू पूर्ण वर्ज्य करावा लागतो; गव्हाची ॲलर्जी किंवा संवेदनशीलता असणारेही काही असतात. उरलेल्या बहुसंख्य लोकांना ते विष ठरवण्यास आधार नाही. गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच आहे.

आपल्याला काय मानवते, हे गटात विचारण्यापेक्षा घरच्या ग्लुकोमीटरला विचारणे बरे. मधुमेह असलेल्याने एके दिवशी नेहमीची पोळी-भाजी खाऊन आणि दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, एक भाकरी, वाटीभर आमटी, भरपूर पालेभाजी आणि ताक असे जेवून, पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी, आणि हे काही वेळा करून पाहावे. कुणाला भाकरी मानवेल, कुणाला दोन फुलके आणि उसळ, तर कुणाला मोजका भात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डाळींचे आणि भाज्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

राहिला गोळ्यांचा दावा. वजन बरेच उतरल्यावर काहींची औषधे कमी होतात, कधी बंदही होतात, पण तो निर्णय एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, पाहून डॉक्टर घेतात. उलट धोकाही ध्यानात ठेवावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असताना जेवण अचानक निम्म्यावर आणले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, म्हणून ताट बदलण्याआधीच औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.