‘फुल इन्शुरन्स’ नावाची पॉलिसी नसते

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा माझ्या मामांची गाडी घराखालच्या पार्किंगमध्ये होती. वाशिष्ठीचं पाणी इतक्या झपाट्याने चढलं की माणसं वरच्या मजल्यावर नेईपर्यंत बॉनेट दिसेनासं झालं. पाणी ओसरलं, मागे उरला गुडघाभर चिखल. तिसऱ्या दिवशी मामांनी सीटवर पोतं टाकलं, शेजाऱ्यांची बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. "बघू तरी, चालू होते का." एकदा घर्र झालं, मग टक्क असा आवाज आला, आणि गाडी बंद पडली ती पडलीच.

वर्कशॉपमध्ये इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने एक कनेक्टिंग रॉड मामांच्या हातात दिला. बोटभर जाडीचं लोखंड, पण मधूनच वाकलेलं. तो म्हणाला, "काका, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी होतं, तुम्ही स्टार्टर मारलात, पिस्टन वर यायला गेला आणि रॉड वाकला. गाडी तशीच टो करून आणली असतीत तर इंजिन वाचलं असतं."

विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढून गेला. सीट, कार्पेट, वायरिंग हे पुराचं नुकसान म्हणून घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापून मंजूर झालं. इंजिन नामंजूर. कारण असं की, ते पुरामुळे नव्हे तर नंतर गाडी चालू करण्याच्या प्रयत्नामुळे बिघडलं, म्हणजे परिणामी नुकसान, आणि ते पॉलिसीत धरत नाहीत. मामा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "अगं, पण माझा फुल इन्शुरन्स आहे ना!"

त्या दिवसापासून ‘फुल’ या शब्दाचा मला मनापासून राग येतो. एजंट हा शब्द वापरतात, शोरूमवाले वापरतात, आपणही वापरतो. पॉलिसीच्या कागदावर तो कुठेही नसतो. तिथे असतं ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’. म्हणजे आपल्या गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान, हे दोन्ही एकत्र, एवढंच.

या पॅकेजमध्ये बरंच काही असतं, हेही सांगायला हवं. अपघात, आग, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, अगदी घाटात दरड कोसळली तरी. पण त्याच पुस्तिकेत पुढे जे वगळलेलं असतं ते आपण कधी वाचत नाही. झीज, यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड, दारू पिऊन चालवणं, चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नसणं. खड्ड्यात नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. टायरबरोबर गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे पैसे. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटची नोंद आरसी बुकात आणि पॉलिसीत दोन्हीकडे लागते.

मंजूर झालेल्या क्लेममध्येही हातात कमी का येतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. प्लास्टिक, रबर, नायलॉन, बॅटरी, एअरबॅग यांवर गाडी नवी असो की जुनी, 50 टक्के घसारा कापतात. फायबरवर 30 टक्के, काचेवर शून्य. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे. समजा बंपर 12,000 चा. त्यातले 6,000 तिथेच गेले. वर ज्याला गॅरेजवाले ‘फाइल चार्ज’ म्हणतात तो, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 आणि त्यापुढे 2,000 रुपये, प्रत्येक क्लेमला आपल्या खिशातून. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलं तर घसाऱ्याचा प्रश्न बराचसा सुटतो. इंजिनचा सुटत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं, आणि ज्या गावात नदी दर दोन-चार वर्षांनी बाजारपेठेत येते तिथल्या माणसाला ते कुणी समजावून सांगत नाही, हे मला चुकीचं वाटतं.

पण गाडी ही शेवटी वस्तू आहे. माझा खरा जीव तुटतो तो माणसांच्या बाबतीत. गाडी जुनी झाली की पुष्कळ जण फक्त थर्ड पार्टी भरतात. कायद्याला तेवढं पुरतं, पोलीसही अडवत नाहीत. पण त्यात आपल्याच गाडीत बसलेली आपली माणसं येत नाहीत. रस्त्यावरच्या परक्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी भरपाई देईल, मागच्या सीटवरच्या मावशीला झालं तर नाही. पॅकेज पॉलिसीत गाडीतली माणसं धरलेली असतात, फक्त ती भाडं देऊन बसलेली नसावीत. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी, गाडी ओळखीतल्या लोकांना डिझेल आणि वर दोन हजारांवर देवदर्शनाला देणाऱ्यांनी हे वाक्य जरा थांबून वाचावं. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्यापुरताच. वडिलांच्या नावावरची गाडी रोज मुलगा चालवत असेल तर ते 15 लाख मुलासाठी नाहीत. किती घरांत अशीच व्यवस्था असते!

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. थर्ड पार्टी कव्हर गाडीबरोबर आपोआप येतं, स्वतःच्या नुकसानीचं येत नाही. आरसी आपल्या नावावर झाली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर राहिली, तर अपघातानंतर हात हलवत परत यावं लागतं. 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. विकणाऱ्याने आपला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र स्वतःकडे ठेवावा. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो, आणि पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत जातो.

मामांच्या इंजिनचे पैसे मामांनीच भरले. निवृत्तीच्या पैशांतून. त्यांनी कंपनीला एक पत्र लिहिलं, नकाराचं उत्तर आलं, आणि विषय संपला असं समजून फाइल बंद केली. विमा लोकपाल नावाची व्यवस्था आहे, पुण्यातही तिचं कार्यालय आहे, तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात आलंच नाही तर लोकपालांकडे जायचं. निकाल मामांच्या बाजूने लागला असताच असं मी म्हणणार नाही. पण कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तिथे जावं लागतं, आणि मला हे कळून मी मामांना फोन केला तेव्हा ते वर्ष उलटून गेलं होतं.