रूथच्या मनाची चौकशी

परवा ठाण्याहून शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. तिच्या भाचीने दुसऱ्या धर्मातला मुलगा पसंत केलाय. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागणार, ती कोणाच्या नजरेला पडली तर काय, या धास्तीने घरात कोणाला झोप नाही. त्यात २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्यापासून फसवून केलेल्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याची चर्चा. ती म्हणाली, “तुमचं तिकडे बरं गं, सगळे एकाच धर्माचे.”

बरं नाही, हे तिला कसं सांगू? इस्रायलमध्ये लग्न धर्मसंस्थेतच लागतं. दोघांचे धर्म वेगळे असले तर सरळ सायप्रस गाठायचं आणि परत येऊन नोंद करायची. आणि धर्म एक असून तरी काय? आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कोकणातून इथे आलो, तर १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं: यांची लग्नं लावण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. आमची माणसं १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा ते मागे घेतलं गेलं. कोकणात शेकडो वर्षं शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांना ही विचारणा!

शवुओत या ज्यू सणाला अश्दोदच्या आमच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनामंदिरात, बायबलमधली रूथची कथा वाचतात. वाचन हिब्रूत, पण मला ती ऐकू येते अलिबागच्या आजीच्या आवाजात. दुष्काळात बेथलेहेम सोडून नामी नवऱ्या-मुलांसह परक्या मवाब देशात गेली. मुलांनी तिथल्याच मुली केल्या. दहा वर्षांत घरातले तिन्ही पुरुष गेले. नामी परत निघाली तेव्हा अर्पा आणि रूथ या सुनांना म्हणाली, पोरींनो, माहेरी जा. अर्पा रडली, सासूचा मुका घेतला आणि गेली. आजी अर्पाला कधी नावं ठेवायची नाही. “तिलाही आई होतीच की,” म्हणायची. बायबलही तिला दोष देत नाही. अलिबागचं घर मागे सोडून आल्यावर मला ते वाक्य जास्त कळलं.

रूथ मात्र हटली नाही. तुम्ही जाल तिथे मी येईन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव, आणि तुम्ही मराल तिथेच मला पुरतील. क्रम पाहा. आधी सासू, मग लोक, मग देव. रूथ बिलगून राहिली, यासाठी हिब्रूत जे क्रियापद आहे, त्याच धातूवरून आजचा ‘देवेक’ हा शब्द आला. देवेक म्हणजे डिंक. माझ्या नातीच्या दप्तरात त्याची बाटली असते. नवरा बायकोला जडून राहतो असं बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकात म्हटलंय, तिथेही हेच क्रियापद आहे.

बेथलेहेमला पोचल्यावर सुखाचा संसार थोडाच मांडलेला होता! सातूची कापणी चालू होती. कापणाऱ्यांच्या मागून दिवसभर सरवा वेचायचा, संध्याकाळी झोडपून धान्य घरी न्यायचं. शेताच्या कडा आणि गळालेली कणसं गरीब-परक्यांसाठी सोडायची, असा नियम होता म्हणून दोघी जगल्या. सासूने तर वेशीतच सांगितलं होतं, मी भरलेली गेले, रिकामी आले. आणि रूथ शेजारीच उभी! तरी रूथ शेतात गेली. लोकांच्या तोंडी ती ‘मवाबी’च. मलाही इथे पंचवीस वर्षांनी ‘होदित’, म्हणजे भारतीय बाई, म्हणतात.

मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नका, असं बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलंय. रब्बींनी पुढे अर्थ लावला की ही बंदी पुरुषांना, बायकांना नाही. रूथचा पणतू दावीद राजा होता. वाट काढावीच लागली. मग आज, तिथे काय नि इथे काय, मुलीचं मन खरं की फसवलेलं हे कचेरीत बसून ठरवायची घाई कशाला? नामीने तीनदा परत जा म्हटलं, आणि सुनेचा निश्चय पाहिल्यावर ती गप्प झाली. चौकशी एवढीच, आणि तीही प्रेमाच्या माणसाने केलेली.

मैत्रिणीला मी म्हटलं, तूही भाचीला तीनदा विचार. नाही हटली, तर नोटीस द्यायच्या दिवशी तिच्याबरोबर जा. रांगेत ती एकटी नको.