अभिनय आवडला, म्हणून पटकथा माफ?

नमस्कार, ‘एक प्रेक्षक’.

या चित्रपटाचा अभिनय उत्तम, पण पटकथा कच्ची आणि शेवट आधीच कळणारा, असं मी परीक्षणात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अभिनय इतका जिवंत आहे म्हणजे लेखनात दम असणारच, शेवट आधी कळणं हा दोष नव्हे, रामायणाचाही शेवट सगळ्यांना ठाऊक असतो, आणि “आधी स्वतः एक प्रसंग लिहून दाखवा, मग दुसऱ्यांच्या चुका काढा.”

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण ते टाइप करताना तुम्हालाही जरा जास्तच बरं वाटलं असावं.

कॉलेजात असल्यापासून मी एकांकिका लिहितोय. एका स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या संहितेवर शेरा मारला होता, ‘पात्रं लेखकाच्या सोयीने बोलतात.’ झोंबला. पण ‘तुम्ही लिहून दाखवा’ असं मी त्यांना म्हणालो नाही. ते लिहीत होते की नाही, मला आजही माहीत नाही. शेरा खरा होता, एवढं पुरे.

आणि तालमींत बसल्यामुळेच एक गोष्ट कळते. कच्चं वाक्य चांगल्या नटाच्या वाट्याला आलं की तो अलीकडे एक श्वास घेतो, नजर चुकवतो आणि वाक्य तरून जातं. प्रयोगानंतर लोक लेखकाचा हात हातात घेतात. तसं कौतुक मीही गुपचूप पदरात पाडून घेतलंय, म्हणून या चित्रपटात ते कुठे कुठे घडलंय हे मला दिसतं. तुम्हाला दिसलं नाही म्हणून मी ‘आकसाने लिहिणारा’ ठरत नाही. हा शब्द मागे घेतलात तर बरं वाटेल. नाही घेतलात तरी चालेल.

रामायणाचं म्हणाल तर, पुढचं ठाऊक असणं हा दोष नाही, हे तुमचं बरोबर. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत असलं की टेबलावरच्या फुटकळ गप्पाही त्याचा जीव टांगणीला लावतात. पण तिथे आपल्याला माहीत असतं आणि गप्पा मारणाऱ्यांना नसतं. इथे वडील पहिल्याच प्रसंगात खोकतात आणि आपल्याला सगळं कळतं, ते ठीक. थोरला मुलगा असा काही बघतो की त्यानेही पटकथा शेवटपर्यंत वाचली आहे! मग त्याचं ते भांडण, तो पश्चात्ताप, कशाचं काय वाटणार?

पार्श्वसंगीताबद्दल मी एक ओळही लिहिली नाही, असं तुम्ही कंसात म्हटलंय. मान्य. संगीत संयत आहे, दखल घ्यायला हवी होती.

‘पुरस्कारविजेते कलाकार’ वगैरेंवर काय बोलणार? राष्ट्रीय पुरस्कारांतही अभिनयाचा आणि पटकथेचा विभाग वेगळा असतो. बाकीचं जाऊ द्या.

पुन्हा लिहाल तेव्हा माझ्याबद्दल कमी आणि त्या धाकट्या सुनेबद्दल थोडं लिहा. ती दिवसभर काय करते? नवऱ्याशी तिचं का बिनसलंय? चहाचा ट्रे सोडून तिच्या हाती दुसरं काही येतं का? त्या अभिनेत्रीने ट्रे ठेवतानाही कमाल केली आहे, त्याबद्दल आपलं दुमत नाही.