दोन क्रेडिटची डाळ आणि कपाटावरचा तानपुरा

लेक बीकॉमला आहे, सेकंड इयर. नव्या धोरणात आपल्या शाखेबाहेरचा एक विषय घ्यावाच लागतो, ओपन इलेक्टिव्ह म्हणतात त्याला, तर हिने गेल्या सेमला स्वयंपाकातलं विज्ञान घेतलं आणि या सेमला संगीत. दोन-दोन क्रेडिट, म्हणजे प्रॅक्टिकलचे ६० तास. मी ऐकलं तेव्हा आधी हेच म्हंटलं की एवढी फी भरून कॉलेजात वरण लावायला शिकणार का, ते मी घरी फुकट शिकवते, तू ओट्यापाशी फिरकत नाहीस ती गोष्ट वेगळी. आमचे दीर तर म्हणाले, "वहिनी, पुढच्या सेमला भांडी घासण्याचं विज्ञान असेल बघा." हसलो सगळे.

आता शब्द मागे घेतेय. सगळे नाही, पण बरेचसे.

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काही खायचं नसतं, त्यामुळे यांचा क्लास दुपारी चारनंतर कॅन्टीनच्या किचनमध्ये. पहिल्या दिवशी काम काय, तर पाणी उकळा आणि थर्मामीटर बुडवा. सगळ्यांचं ९८ च्या आसपास अडकलं. शाळेपासून १०० घोकलेलं, त्यामुळे पोरांनी ठरवून टाकलं की कॉलेजचे थर्मामीटर भंगार आहेत. मॅडमनी काही सांगितलंच नाही, म्हणाल्या रविवारी सिंहगडावर घेऊन जा. पाच जण गेले, पिठलं-भाकरीवाल्या मावशींना गळ घालून त्यांच्या चहाच्या आधणात थर्मामीटर धरला, तिथे आणखी खाली, ९६ च्याही आत. मग डोक्यात प्रकाश पडला! पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, गड १३०० च्या पुढे, आणि दर ३०० मीटरला हवेचा दाब उतरल्यामुळे पाणी अंदाजे एक अंश लवकर उकळतं. कुकर याच्या उलट करतो, आत दाब वाढवून पाणी १२० पर्यंत नेतो. घरी येऊन मलाच शहाणपण, "आई, शिट्टी झाली की गॅस बारीक कर, मोठा ठेवून आत जास्त तापत नाही, नुसती वाफ बाहेर जाते." मी २६ वर्षं शिट्ट्या मोजतेय आणि गॅसवाल्याचं घर भरतेय.

डाळीचा प्रयोग मला सगळ्यात आवडला. तीन पातेली, एकच तूरडाळ, एकात नुसतं पाणी, एकात चिंचेचा कोळ, एकात चिमूटभर सोडा. चिंचेतली डाळ तासाभराने पण दाताखाली टणक, सोड्यातलीचा पार लगदा. आंबट आधी घालायचं नाही हे माझ्या सासूबाई पहिल्या आठवड्यातच बोलल्या होत्या (जरा चढ्या आवाजात), पण का ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि मीही विचारलं नाही. तर दाण्यातल्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबटात नीट विरघळत नाही, म्हणून डाळ सुटत नाही. सोड्याच्या पातेल्यात कुणीतरी सवयीने हळद टाकली तर ती लालभडक झाली, सगळे घाबरले, फक्त कॅन्टीनच्या मावशी हसल्या, म्हणाल्या हळदीचा डाग साबणाने असाच लाल होतो की रे, कधी कपडे धुतलेत का.

आता माझी तक्रार. मैत्रिणीचा मुलगा दुसऱ्या एका कॉलेजात आहे, तिथेही याच नावाचा कोर्स. ८० स्लाइडची पीपीटी, अटेंडन्स आणि शेवटी एमसीक्यू. त्याला मेलार्ड अभिक्रिया, म्हणजे पदार्थ भाजताना-परतताना तांबूस रंग आणणारी क्रिया, १९१२ ची हे पाठ आहे, पण कांदा परतताना कितीतरी वेळ पांढराच का राहतो आणि मग एकदम भराभर तांबूस का होतो हे विचारलं तर गप्प. अरे बाबा, कांद्यात पाणी आहे तोवर तो शंभराच्या वर जातच नाही, आणि तो रंग भराभर चढायला १४० च्या आसपास तरी लागतं. कढईसमोर दहा मिनिटं उभं केलं असतं तर आयुष्यभर विसरला नसता. अनुभवाधारित शिक्षण असं बोर्डावर लिहायचं आणि अनुभव प्रोजेक्टरवर दाखवायचा, हे आपल्यालाच जमतं!

आणि हो, हिच्या कॉलेजातही सगळं छान नाही. पीठ आंबलं की नाही हे झाकण न काढता नुसत्या वासावरून सांगणाऱ्या त्या मावशींनीच अर्धा कोर्स शिकवला, त्यांना काय मिळालं? पुष्पगुच्छ. यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस म्हणून सोय केली, डिग्री नसली तरी कामातला जाणकार शिकवू शकतो. ती कंपन्यांच्या साहेबांसाठीच वापरायची असं कुठे लिहिलंय?

संगीताचं मात्र मला लागलं. मी लहानपणी गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्यात, प्रवेशिका पूर्णपर्यंत, फर्स्ट क्लास वगैरे. रागांची माहिती झोपेत सांगायचे. पण तानपुरा कधी स्वतः लावला नाही, क्लासमध्ये बाई लावून ठेवायच्या आणि आम्ही हात लावला तर ओरडा. हिला पहिल्या तीन शनिवारी गाणं नाहीच, फक्त तानपुरा. पंचम, जोड, खर्ज या तारा सुरात लावायच्या, जवारीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुताचा दोरा मागे-पुढे सरकवायचा आणि ऐकत बसायचं. तिसऱ्या शनिवारी घरी आली ती दारातूनच, "आई, खर्जाच्या तारेत गंधार, म्हणजे ग, वाजतो! कुणी वाजवत नाही तरी वाजतो!" स्वयंभू गंधार हा शब्द मी परीक्षेत लिहिलाय. ऐकला नव्हता. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा तो स्वर, दोरा नेमका बसला की खुलून येतो. नंतर सरांनी तबला आणि डफ शेजारी ठेवून तबल्यावरच्या काळ्या गोल शाईने काय फरक पडतो ते ऐकवलं, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच त्यावर लिहिलंय म्हणे, की शाईच्या वजनामुळे तबल्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, सुरात येतात, साध्या चामड्याचे येत नाहीत.

६० तासांत गाणं येतं का असं दीर विचारतात. नाही येत, १६ शनिवारांत कोण गायलंय? पण कान उघडायला तेवढे पुरतात, आणि मला वाटतं कोर्सने तेवढंच कबूल करावं, शेवटी स्टेजवर उभं करून बंदिश म्हणायला लावू नये, जे यांच्याकडे होणार आहे आणि त्याला ३० मार्क आहेत. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला मी वर्षानुवर्षं जाते, अर्धं लक्ष खाण्याच्या स्टॉलकडे, तानपुरे लावायला लागले की आम्ही गप्पा मारून घ्यायचो. मागे बसलेल्यांनो, सॉरी.

तर माझा मिरजेचा तानपुरा १९९६ पासून कपाटावर गवसणीत आहे, रविवारी लेकीने खाली काढला. भोपळा शाबूत आहे, दोन तारा गेल्यात, एक खुंटी फिरत नाही आणि जवारी घासून नीट करून घ्यावी लागेल असं ती म्हणते. पेठेत किंवा कोथरूडकडे हे काम करणारं कुणी माहीत असेल तर इनबॉक्स करा, आणि प्लीज ॲपवरचा तानपुरा सुचवू नका, तो आहे.